गोळी, वडाभात आणि रुसवा

मंडळी, आत्ताच नागपूरच्या इतवारीतल्या एका लग्नातून आले आणि उपाशीच लिहायला बसले.

मला पार्किन्सन आहे. डॉक्टरांनी बजावलंय, गोळी आधी, जेवण तासाभरानं. डाळीसोबत घेतली तर गोळी नीट लागू पडत नाही. आज बुफेत नेमका वडाभात, म्हणजे डाळच डाळ! गोळी घेऊन मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिले.

बाबांनाही हाच आजार होता. १९८० सालच्या सुमारास मामाच्या मुलाच्या लग्नात तेही असेच गोळी घेऊन थांबले होते. या आजारात चेहरा ताठ होतो, हसू उमटत नाही. पंगतीत त्यांचं रिकामं पान दिसलं आणि बोभाटा झाला, "जवाईबापू रुसले!" मामा हात जोडून धावत आले, "काहून रुसले जी? काही चुकलं काय आमचं?" सगळी पंगत खोळंबली. बाबा लाजून अर्धमेले झाले.

आज माझा तास संपला तेव्हा वाढपी भांडी उचलून राहिले होते. मी निघून आले.

बुफेत कोणाचं पान रिकामं दिसत नाही हो. चेहरा माझाही तसाच ताठ होता. पण "काहून रुसली वं?" म्हणायला कोणी आलं नाही.