दोन तारा आणि एक काळा दाणा

माझी लेक मीनल नागपूरची नोकरी सोडून बालाघाटला परतली आणि पुढच्या खोलीत मशीनची सर्किट कार्डं दुरुस्त करायला, नवी बनवायला बसली, तेव्हा मी रामपायलीच्या रामाला नवस बोलले होते, "हिचं पहिलं कार्ड चालेपर्यंत माझा चहा बंद!" नाही चाललं तर ती पुन्हा नागपूरला जाणार होती. चहाविना करमेना, म्हणून मी तिच्याजवळ बसून प्रश्न विचारू लागले. किस्से असेच जमतात बघा, रिकाम्या हातांनी!

कार्ड होतं वारासिवनीच्या एका राइस मिलचं. कॅमेऱ्यानं काळा दाणा हेरून हवेच्या फुंकरीनं उडवणारी मशीन. कॅमेरा जुना, पाच व्होल्टचा. मीनलचं कार्ड नवं, तीनच्या आसपासचं. मधे तारांची जोडी.

"एका निरोपाले दोन तारा काहून वं?"

"एक वर गेली की दुसरी खाली येते, आई. आपण दोघींतला फरक वाचायचा. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडते, फरक तसाच राह्यते."

"म्हणजे सासू दोघी सुनांवर सारखीच ओरडली, तर घर शाबूत!"

*

तारांच्या टोकाला तिनं एवढासा रेझिस्टर लावला. नाहीतर म्हणे सिग्नल टोकावर आपटून परत येतो. मला लगेच पटलं. आमच्या भजनी मंडळाच्या नव्या हॉलमध्ये आम्ही दुसऱ्या ओळीवर, आणि भिंत अजून पहिलीवरच! शेवटी समोर गाद्या टेकवल्या.

"हौ आई, त्या गाद्या म्हणजे रेझिस्टरच!"

*

ह्यांनी विचारलं, "पाचवाला तीनवाल्याशी बोलंन कसा?"

मीनलनं दोन्ही तारांत कॅपॅसिटर घातले. सिग्नलचं हलणं पार जातं, तिकडची उंची तिकडेच राहते. इकडची उंची इकडच्या रेझिस्टरांनी द्यायची.

हे म्हणाले, "झोका तोच, कडी आपापल्या घरची!"

*

कार्ड बसवायला आम्ही मिलमध्ये गेलो, तर मालक शेठजींनी पूजा मांडली आणि ओल्या कुंकवाचं स्वस्तिक थेट कार्डावर काढायला घेतलं!

"शेठजी, डिब्बे पे! डिब्बे पे!" मीनल किंचाळली.

"क्यों बेटा, भगवान से भी शॉर्ट सर्किट?"

*

मशीन झकास सुरू झाली. शेठजींनी खुशीत आपला सगळ्यात स्वच्छ तांदूळ ओतला, आणि मशीन बंद!

"माल अच्छा, तो मशीन नाराज?"

मीनलचा चेहरा उतरला. मी पदराआड रामनाम धरलं. तिनं कचऱ्यातले मूठभर काळे दाणे टाकले, मशीन सुरू! ते संपले, पुन्हा बंद!

"आई, समजलं! पांढराच तांदूळ असला की सिग्नल हलतच नाही. न हलणारं कॅपॅसिटरच्या पार कसं जाईन? कार्डाले वाटते कॅमेराच बंद पडला, म्हणून ते मशीन थांबवते."

तिथंच बसून तिनं कॅपॅसिटर काढले, त्या जागी पाचाची उंची तीनवर आणणारे रेझिस्टर मोजूनमापून लावले. पुन्हा स्वच्छ तांदूळ. मशीन चालू, पण एकही दाणा उडेना.

"चल रही है कि सो रही है?" शेठजी कुरकुरले.

"एक काला दाना डालिए."

त्यांनी टाकला. टिक्! दाणा बाहेर.

शेठजी म्हणाले, "दूसरी मशीन का कार्ड भी ले जा, बेटा." आणि अजून एक दाणा टाकला. टिक्! मग अजून एक. मुनीम जेवायला बोलावून दमला, शेठजी जागचे हलेनात! मी मात्र मुनीमाकडून माझा नवसाचा चहा मागून घेतला.

तुम्ही वारासिवनीला गेलात तर त्या मिलमध्ये जरूर जा बाई, आणि एक काळा दाणा तुम्हीही टाकून पाहा.