मावशीने लिहिलेली उडी

उंचावरून उड्या मारण्यात तिने भल्याभल्यांना पाणी पाजलं, तरी घरी ती 'दगडी'च; पडायची दगडासारखी सरळ, पण थेंब उडत नसे. प्रशिक्षक म्हणजे सख्खी मावशी. काठावरून सुनवायची, "पाय आहेत का छत्रीच्या काड्या? मीट ते!"

पाच वेळा विजेती, पण एक विषय घरात कुणी काढत नसे. पाण्याकडे तोंड करून झेपावायचं आणि गिरक्या मात्र मागे, मनोऱ्याच्या दिशेने घ्यायच्या, अशी एक उलटी उडी असते. सहा वर्षांपूर्वी तिच्यात दगडीचं डोकं मनोऱ्याच्या कडेवर आपटलं. अकरा टाके. पुढे पाच मीटरवरून मावशी ती घोटून घ्यायची. दहावरून नाव नको.

निवृत्तीआधीची शेवटची स्पर्धा, शेवटची उडी. दगडी जेमतेम अर्ध्या गुणाने पुढे. मनोऱ्यावर अंग पुसत असताना कर्ण्यातून उडीचा क्रमांक आला. तीच, उलटी.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात; हिची तर आधीच दहा मीटर खाली होती. उड्यांचा कागद आदल्या दिवशीच द्यावा लागतो, प्रत्येक उडीच्या ठरलेल्या क्रमांकासकट आणि सहीसकट. त्यावर असेल तीच उडी मारायची, दुसरी मारली तर शून्य. तिने खाली पाहिलं. मावशीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. म्हणजे डाव नव्हे, चूक.

पंचांची शिट्टी झाली. पाण्याचा पृष्ठभाग वरून कळावा म्हणून सोडलेला फवारा पडत होता, तेवढाच तिला दिसत राहिला. मग ती झेपावली.

वर आली ती आधी डोकं चाचपत. हाताला रक्त नाही. तिचा विश्वासच बसेना, पुन्हा चाचपलं.

मावशी ओल्या फरशीवर फतकल मारून बसली होती, चेहरा पांढराफटक.

"क्रमांकात दोनच्या जागी तीन लिहिला गं मी."

"सही कुणाची आहे?"

"तुझी."

"मग? वाचायला कुणी अडवलं होतं मला?"

"मेली असतीस ना, भवाने."

"तुझ्याच अक्षरात."

मावशी हसली नाही. तिने भाचीला जवळ ओढलं आणि ओल्या केसांतून बोटं फिरवत राहिली. गुणफलकाकडे दोघींपैकी कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या नंबरवर आलेली पोरगी हात मिळवायला आली, तेव्हा त्यांना कळलं.