वाय-फाय आहे, इंटरनेट नाही, आणि आज पाण्याचा दिवस!

वाय-फायचे किस्से कुणी जमवत नाही. ते घरात आपोआप साठतात, रिकाम्या डब्यांसारखे. त्यातले हे माझे.

आधी ती धास्ती सांगते, जिनं माझी झोप उडवली होती. माझा ओजस पाच वर्षांचा झाला आणि मी पुन्हा कामाला लागायचं ठरवलं. घरून, ऑनलाइन गणित शिकवायचं. पहिला डेमो क्लास मध्येच बंद पडला. दुसराही पडला! क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी शेवटचा चान्स." आणि लॅपटॉप म्हणतोय, वाय-फाय जोडलंय, पण इंटरनेट नाही. मग जोडलंय कशाला?

*

नवऱ्याला ऑफिसात फोन केला.

"राउटर रिस्टार्ट केलास?"

"केला."

"परत कर."

केला. तसंच.

"मग तूच कायतरी दाबलं असशील."

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. तरी दहा मिनिटं 'काय बरं दाबलं असेल' हे आठवत बसले. याचाच जास्त संताप आला!

*

तासाभरानं नेटवाला आला. आमच्या राउटरवर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण आहे, धूळ बसू नये म्हणून. त्यानं झाकणाचा फोटो काढला आणि म्हणाला, "आमच्याकडनं ओके हाय ताई. लॅपटॉप गंडलाय तुमचा."

"मोबाइलवरही तेच दिसतंय. दोन्ही एकदम गंडले?"

"व्हय की. होतंय कधी कधी."

आणि गेला! मी रागानं नेटच्या ऑफिसात तक्रार नोंदवली. सासूबाई मात्र खूश. "नमुना आवडला वाटतं त्याला!"

*

मग मीच डोकं लावलं. राउटर चालू, म्हणजे घोटाळा घराबाहेर. वायरच्या मागोमाग जिने उतरत पार्किंगमध्ये पोचले. तिथल्या डब्यातून सगळ्या बिल्डिंगला नेट जातं. डब्याची पिन काढलेली, आणि त्या सॉकेटात पाण्याची मोटर! शेजारी खुर्ची टाकून तळमजल्यावरचे शेखचाचा.

"चाचा, माझा क्लास बुडाला!"

"बेटा, पानी चार दिवसांनी येतंय. इंटरनेट तर रोज येतंय की!"

पहिला डेमोही पाण्याच्याच दिवशी होता, आणि हंडे मीही भरले होते.

*

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बिल्डिंगचा सेक्रेटरी.

"अगं, ते सॉकेट मोटरला द्यायचं हे मीटिंगमध्ये आपणच ठरवलंय की!"

आपणच? त्या मीटिंगभर मी चहा करत होते!

*

शुक्रवारी पुन्हा पाणी येणार होतं. आदल्या दिवशी वायरमन बोलावून डब्याला वेगळं सॉकेट बसवून घेतलं. चाचांनी शिडी धरली.

क्लास सुरू झाला. खाली मोटर घरघरतेय, वर माझे अपूर्णांक चाललेत, मॅडम स्क्रीनवर गंभीर चेहऱ्यानं बघतायत. एवढ्यात माझा मोबाइल वाजला. ओजसनं उचलला, तोही स्पीकरवर!

"नेटच्या ऑफिसातनं बोलतोय. तक्रार होती ना? घरात कोणी जेन्ट्स हायत का? त्यांना द्या, समजावून सांगतो."

माझे कान तापले. पण माइक चालू, जागचं उठता येईना.

"मी आहे," ओजस म्हणाला.

"बाळ, मोठं कोणी न्हाय का?"

"आई आहे. पण ती शिकवतेय. नेट तिनं नीट केलं. तुम्हाला जमलं नसेल तर क्लास संपल्यावर फोन करा, ती समजावून सांगेल!"