फक्त अंगठा हलवायचा

बावीस वर्षं तिने शाळेचे गणवेश शिवले. मग एका वर्षी शाळेने ते काम परस्पर कारखान्याला देऊन टाकलं. तिला कोणी बोलावून सांगितलंही नाही. समोरच्या घरातली मुलगी शाळेचा नवाकोरा तयार फ्रॉक घालून निघाली, तेव्हा तिला खिडकीतून कळलं. त्या फ्रॉकची बाही चार धुण्यांत उसवणार, हेही तिला तिथूनच दिसलं. पण सांगणार कोणाला?

नवरा म्हणाला, "केस कापायला शीक. कपडे लोक तयार आणतील, पण केस थोडेच खोक्यातून येणार आहेत?"

कात्री ती कात्रीच, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटलं होतं. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी ती चार महिन्यांच्या वर्गात जाऊन बसली.

वर्ग पहिल्या मजल्यावर होता, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर. लांबट खोली, एका भिंतीला ओळीने आरसे आणि आरशांपुढे टेबलाला आवळून बसवलेली केसवाली बारा रबरी मुंडकी. बाकीच्या मुली अठरा-वीसच्या. पहिल्या तासालाच त्यांनी तिला काकू करून टाकलं. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः जेमतेम तिशीच्या. त्या तिला अहो-जाहो करायच्या, पण सूर मात्र पोरांना दटावल्यासारखा.

"एका भोकात अनामिका, दुसऱ्यात अंगठ्याचं फक्त टोक. एक पातं स्थिर. दुसरं अंगठ्याने चालवायचं. फक्त अंगठा हलवायचा, हात नाही."

आता शिंप्याची कात्री कशी चालते? चार बोटं मोठ्या भोकात, खालचं पातं टेबलावर टेकलेलं, आणि सगळा हात पुढे सरकवत लांबच लांब काप. बावीस वर्षांचं ते वळण. केसांची बोटभर कात्री हातात आली तरी तिची अख्खी मूठ उघडझाप करायची. कचकन आवाज व्हायचा आणि मुंडक्याच्या केसांना खाच पडायची.

"काकू, चादर नाही कापायची," शेजारची मुलगी म्हणाली. हिचे स्वतःचेच केस सतत डोळ्यांवर यायचे, म्हणून हिला सगळे झिपरी म्हणत. वर्ग खो-खो हसला. काकूही हसली, पण कानशिलं तापली.

मॅडमनी तिला तीन दिवस केसांना हात लावू दिला नाही. नुसती हवेत कात्री चालवायची. ती घरीही ओट्यापाशी उभी राहून तेच करायची.

"माश्या मारतेस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई, अंगठा शिकवतेय."

"या वयात?"

ती अंगठा हलवत राहिली.

एक गोष्ट मात्र तिला पहिल्या झटक्यात जमली. कंगव्याच्या शेपटीने भांग पाडून डोक्याचे चार भाग करायचे आणि चिमटे लावायचे. तिचा भांग खडूने आखल्यासारखा सरळ यायचा. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवला. झिपरीचा भांग नागमोडी होता. तेवढा एक दिवस काकू घरी ताठ मानेने गेली.

पुढे सगळं अडलं. मानेपाशी केसांचा पातळ थर सोडायचा, तो हव्या त्या लांबीवर कापायचा. मग वरचा थर त्यावर विंचरून घ्यायचा आणि खालच्याची कड दिसेल तिथेच कापायचा. हे तिला समजलं, कागदी मापावर कापड बेतावं तसंच. पण कापड ठेवलं तिथे राहतं. केस ओले असताना ताणून खांद्यापर्यंत कापावेत, तर वाळल्यावर दोन बोटं वर चढून बसतात. त्यांना टाचणी लावता येत नाही. खडूची खूण करता येत नाही. आणि चुकलं तर सोडायला आत काहीच नाही. प्रत्येक फ्रॉकच्या शिवणीत ती दोन बोटं कापड जास्तीचं दाबायची, पोर वाढलं तर उसवून सोडता यावं म्हणून. केसांत काय दाबून ठेवणार?

उजवी बाजू लांब वाटली म्हणून तिने उजवी कापली. मग डावी लांब दिसायला लागली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिच्या मुंडक्याचे केस कानांवर पोचले होते.

"दोन्हीकडे जुळवत बसलात तर टक्कल करूनच थांबाल," मॅडम म्हणाल्या. "आधी कुठे चुकलं ते शोधा. मग कात्री लावा."

त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिच्या कात्रीने दुधाची पिशवी आणि गोळ्यांची पाकिटं कापली. दुसऱ्या दिवशी वर्गात कात्री केस कापायच्याऐवजी नुसते दुमडत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, ती केसांची कात्री आहे!"

"मग? कात्रीने कापायचं नाही तर काय तिच्याकडे बघत बसायचं?"

धार लावून येईपर्यंत आठवडाभर तिने वर्गातली बोथट कात्री वापरली. जीव नुसता मेटाकुटीला आला.

परीक्षेला खरं माणूस आणायचं होतं. धाकटी नणंद तयार झाली. काम सोपं होतं, खांद्यावर एका रेषेत सरळ काप. काकूने भाग पाडले, चिमटे लावले, थर सोडत गेली. अंगठा नीट चालत होता. हात स्थिर होता. शेवटचा थर विंचरून ती मागे सरकली आणि पाहिलं, तर रेषा तिरकी. डावीकडे अर्धं बोट वर.

परीक्षक बाईंनी दोन्ही बाजूंच्या बटा पुढे ओढून पाहिल्या. मग अंगावर टाकलेलं कापड बाजूला केलं. नणंद पायावर पाय टाकून बसली होती. कंबर एका बाजूने उचललेली, एक खांदा खाली.

"पाय जमिनीवर आहेत का, पाहिलं होतं?"

बावीस वर्षं माप घेताना काकूचं पहिलं वाक्य तेच असायचं, 'सरळ उभी राहा गं, दोन्ही पाय टेकव.' हजार वेळा म्हटलं असेल. जे येत नव्हतं ते कसंबसं शिकली, आणि जे हाडीमासी भिनलेलं होतं तेच विसरली.

झिपरी पास झाली. काकू नापास.

आठ दिवस ती वर्गाकडे फिरकली नाही. मॅडमचा फोन आला, पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे. "मला नाही जमायचं ते," म्हणून तिने ठेवून दिला. रागवायचं तरी कोणावर? शाळेवर, नवऱ्यावर, नणंदेच्या पायावर? सगळीकडे फिरून राग स्वतःवरच येऊन बसायचा.

रविवारी नणंदच आली. "वहिनी, मी हे असं तिरकं घेऊन किती दिवस हिंडू? ऑफिसात मान वाकडी करून बसते. कर सरळ."

काकूने तिला शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं. दोन्ही पाय हातांनी धरून फरशीवर टेकवले. "हलवलेस तर कान कापीन."

दीड तास लागला. रेषा सरळ आली. नणंद आरशात बघून खूश झाली. काकूला मात्र रडूच कोसळलं. "एवढंसं होतं गं. एवढंसंच. मग तेव्हा का नाही दिसलं?"

पुढच्या महिन्यात ती परत परीक्षेला बसली आणि काठावर पास झाली. ज्या दुकानात काम मिळालं तिथे पहिले पाच महिने तिने केस धुतले आणि जमीन झाडली. आता तिला एक खुर्ची मिळाली आहे. सरळ काप ती चांगला करते. चढउतार थरांचे काप अजूनही तिला धड जमत नाहीत. बट डोक्यापासून काटकोनात उचलायची, तर हात मध्येच खाली उतरतो आणि तिची चिडचिड होते.

परवा एक मुलगी फोन बघत खुर्चीत बसली. काकूने कापडाखाली वाकून पाहिलं.

"पाय खाली."

मुलीने पाय खाली घेतले.

"मान वर. फोन ठेव."

"बोला ना काकू, ऐकतेय मी," मुलगी म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये वाकली. काकूने कात्री मुठीत मिटून घेतली, कंगवा दुसऱ्या हातात धरला आणि मुलीची मान वर यायची वाट बघत तशीच उभी राहिली.