उंबरठा नसलेली खोली

माझ्या साडूने मला फसवलं. आडून नाही, पाठीमागून नाही. भर दुपारी, माझ्याच मिलच्या ऑफिसात, माझ्यासमोर बसून, माझ्याच घरचा चहा पीत फसवलं. मूलच्या बाजारात कोणालाही विचारा, मी फसणारा माणूस नाही. फाटका बारदाना गोळा करून, शिवून विकण्यापासून मी सुरुवात केली आणि धानाची मिल उभी केली, ती कोणाच्या मेहेरबानीने नाही. दलाल, अडते, ट्रकवाले, सगळे माझ्याशी बोलताना दोनदा विचार करून बोलतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मला गंडवणारा एकच माणूस आहे. तो सावली गावाच्या पलीकडे एका खेड्यात राहतो, धान लावतो, नागपूरच्या पुढे कधी गेलेला नाही, आणि त्याने मला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर पाठवून फसवलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. उंच, वाळका, खांद्यावर कायम दुपट्टा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहायची सवय. या माणसाला एकच व्यसन आहे, आणि ते म्हणजे बंदोबस्त. दुसऱ्यांच्या प्रवासाचा, दुसऱ्यांच्या लग्नाचा, दुसऱ्यांच्या भांडणाचा बंदोबस्त. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. सोयरेधायरे येतात, लेकी माहेरी येतात, नाटक होतं. त्याच्या गावच्या मंडईत कोण कोणाजवळ बसणार हे तो ठरवतो, आणि ते ठरवायला तो लग्न जुळवण्याइतका वेळ घेतो. एकदा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलणं बंद झालेल्या दोन चुलतभावांना त्याने मुद्दाम मांडवाच्या खांबामागे शेजारीशेजारी बसवलं. नाटक पाहायचं तर दोघांना एकाच बाजूला वाकावं लागत होतं. नाटक सुटलं तेव्हा एक दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता आणि त्याची झोप मोडू नये म्हणून दुसरा हलत नव्हता. मी ते पाहिलं आणि हसलो. शहाण्या माणसाने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्याच मंडईत, त्याच्या आणि माझ्या मेहुणीच्या मध्ये एक जागा दरवर्षी रिकामी असते. तिथे तो दुपट्टा घडी करून ठेवतो आणि कोणी बसायला आलं की म्हणतो, "तिथी माणूस आहे." ती जागा माझ्या मुलीची.

आता हेही सांगून टाकतो. माझी मुलगी शाळेला असताना साडूकडे राहिली, कारण माझी मेहुणी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि त्यांच्या घरात मूल नव्हतं. मुलगी त्याला मोठे बाबा म्हणते. तिचं लग्न मी एका मिलवाल्याच्या घरी ठरवलं होतं, शब्द दिला होता. बाजारात माझ्या शब्दावर गाड्या भरून माल सुटतो. तिने तो शब्द मोडला, शिकायला परदेशात गेली आणि तिथेच नोकरीला राहिली. ती निघाली त्या दिवशी मी दारात उभं राहून म्हणालो, माझ्या घराचा उंबरठा हिने ओलांडायचा नाही, आणि ही असेल त्या घराचा मी ओलांडणार नाही. देवासमोर म्हणालो. जे म्हणालो ते म्हणालो. मी भावात बदल करतो, शब्दात करत नाही.

तेव्हापासून साडूने आणखी एक काम अंगावर घेतलं. तो मिलवर यायचा, पायांकडे पाहत म्हणायचा, "पोरीले सर्दी झाली होती. आता बरी आहे."

"मी विचारलं का तुले?"

"नाई. मी आपला हवेले सांगून राह्यलो."

मग मीही हवेला सांगायचो की थंड देशात राहणाऱ्या माणसांनी कानाला बांधून फिरावं. आठ दिवसांत हवेकडून उत्तर यायचं.

तर असा हा माणूस एका दुपारी मिलवर आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "शेठ, समुद्र पाहाचा आहे."

मला तो शेठ म्हणतो ते मला चिडवायला. मी म्हणालो, "मंग जा ना भाऊ मुंबईले. अडवलं कोन?"

"तिथी गर्दी. मले शांत पाहिजे."

"गोव्याले जा."

"गोव्यावरून तू दुसऱ्याच दिवशी वापस आला होता."

ते खरं आहे. हॉटेलवाल्याने ताजा मासा म्हणून शिळा मासा दिला. मी ताट तिथेच ठेवलं, बायकोला उठवलं आणि रेल्वेत बसलो. त्यात माझी काय चूक? पण साडूने तो प्रसंग मनात कुठेतरी जपून ठेवला होता, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "जागा अशी पाहिजे का रागानं उठलं तरी घरी येता नाई आलं पाहिजे." मला वाटलं गंमत करतो आहे. तो कधीच गंमत करत नाही.

मग महिनोन् महिने जागा पाहणं सुरू झालं. सोयरीक पाहायला जातात तशा गांभीर्याने. त्याच्या घरी टीव्हीसमोर सतरंजी अंथरायची, मोबाईल टीव्हीला जोडायचा, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलवाल्यांना दाखवायला लावायचं. मेहुणी इंग्रजीत विचारायची. साडू झाडीबोलीत सांगायचा.

"त्याईले विचार, वाघ कोन्या बाजूनं येते?"

"अहो, तिथी वाघ नसतात."

"नसतात कसे? मांगं झाडी दिसून राह्यली ना."

आमच्याकडे कुठेही मुक्कामाला गेलं की हे पहिलं विचारायचं असतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. मेहुणीने नाइलाजाने विचारलं. टीव्हीतली बाई, ठेंगणी आणि लठ्ठ, म्हणाली की रात्री वाळूवर खेकडे येतात, तेवढेच.

"खेकडे येतात?" साडूने पहिल्यांदा टीव्हीकडे नीट पाहिलं. "बाई खरं बोलून राह्यली. जागा चांगली आहे."

समुद्राला तो मोठा तलाव समजूनच चालला होता. त्याच्या शेतात एक बोडी आहे, पावसाचं पाणी धरून धानाला देणारं लहानसं तळं, आणि तिची पाळ फुटण्याची भीती त्याला जन्मभर आहे. म्हणून प्रत्येक हॉटेलला तो विचारायचा, "पाळ कोन्या बाजूनं आहे? पावसाळ्यात फुटली तं?" मेहुणीने हा प्रश्न एकदाही इंग्रजीत नेला नाही. ती आपल्या मनाने काहीतरी विचारायची आणि त्याला सांगायची, "पाळ पक्की आहे म्हणते."

पण एक प्रश्न तो स्वतः जवळ सरकून विचारायचा, आणि त्यात मेहुणीला काही बदलू द्यायचा नाही. "खोलीच्या दारात घेऊन जा म्हना. आता खाली दाखव. खाली, खाली. जमिनीले." टीव्हीवर चौकटीचा तळ दिसायचा. लाकडाची पट्टी असली, दगडाची असली, बोटभर उंचवटा असला तरी साडू मागे सरकायचा आणि म्हणायचा, "नाई जमत." पांढऱ्या वाळूच्या, निळ्या पाण्याच्या, दारात फुलं असलेल्या कितीतरी जागा त्याने अशा नापास केल्या. मी ओरडलो, "भाऊ, तुले समुद्र पाहाचा आहे का सुतारकाम?" तो म्हणाला, "गुडघे दुखतात." मेहुणीचे गुडघे दुखतात, हे मला ठाऊक होतं. मला ते पटलं.

शेवटी त्या खेकडेवाल्या बाईचीच जागा पास झाली. तिच्या खोल्यांच्या फरश्या दारातून तशाच बाहेर वाळूपर्यंत गेलेल्या होत्या. आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. साडूने दोनदा दाखवायला लावलं.

मग माझं काम आलं. म्हणजे भाव करण्याचं. सोयीच्या वेळी साडू मला पुढे करतो. आम्हाला दोन खोल्या हव्या होत्या. मी म्हणालो, तीन खोल्यांचं अख्खं घर द्या आणि भाडं दोनाचं घ्या. माझी पद्धत अशी की मागणं मागायचं आणि गप्प बसायचं. समोरचा शांततेला घाबरतो. मेहुणीने ते इंग्रजीत नेलं. मी टीव्हीकडे एकटक पाहत बसलो. बाईने कोणाकडे तरी पाहिलं, हसली आणि चालेल म्हणाली.

एवढ्या लवकर कोणी हो म्हटलं की माल खराब असतो, हे मी स्वतः लोकांना सांगत आलो आहे. पण त्या दिवशी माझी छाती फुगली. समुद्रापारच्या माणसाला घाम फोडला, हे मी मूलच्या बाजारात चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितलं. साडू माझ्या शेजारी उभा राहून मान डोलवायचा. "शेठसमोर कोनाचं चालते?" असंही म्हणाला. हे मी त्याला कधीच विसरू देणार नाही.

उन्हाळ्यात मिल थंड असते तेव्हा मी आणि बायको निघालो. नागपूरच्या विमानतळावर साडू मेहुणीला घेऊन आला. हातात पिशवी. मी म्हणालो, "भाऊ, सामान एवढंच?"

"हे मायं नाई. तुमच्यासोबत द्याचं आहे." पिशवीत वाळल्या बोरांचं बोरकूट होतं, लाखोळीची डाळ होती आणि एक घडी केलेला दुपट्टा. "मी कुठी येऊन राह्यलो? बोडीचा गाळ काढाचा आहे. पाऊस याच्या आधी नाई काढला तं धान कसा होईल?"

माझं डोकं फिरलं. समुद्र पाहायचा म्हणून माझा जीव खाणारा माणूस बोडीचा गाळ काढायला घरी राहतो! मी भर विमानतळावर बोललो, लोक थांबून पाहायला लागले. तो माझ्या बुटांकडे पाहत होता. मेहुणीने माझ्या दंडाला धरून आत नेलं. ती एकदाही मागे वळली नाही, यावरून मला कळायला हवं होतं.

बेटावर पोचलो तेव्हा दुपार होती. समुद्र समोरच होता आणि त्याला कुठल्याच बाजूने पाळ नव्हती. आमच्या दोन खोल्यांत सामान ठेवलं. मी घासाघीस करून मिळवलेली तिसरी खोली बंद होती. मी दार वाजवलं, आतून उघडलं, आणि माझी मुलगी बाहेर आली. ती तिच्या शहरातून सकाळी निघाली होती. तिसऱ्या खोलीचं भाडं तिनेच भरलं होतं, मी टीव्हीकडे एकटक पाहत बसायच्या कितीतरी आधी.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे, मग गाडीकडे.

"मोठे बाबा कुठी आहेत?"

इतक्या वर्षांनी मुलीचं पहिलं वाक्य हे.

"बोडीचा गाळ काढून राह्यला," मी म्हणालो. माझंही पहिलं वाक्य हेच.

मग मला राग आला, यायचा तसा. मी मागे वळलो. पण ऐकायला कोणी नव्हतं. ना गर्दी, ना हॉटेलवाला, ना साडू. रेल्वे नव्हती. मी वाळूतून चालत सुटलो, खूप चाललो, आणि किनारा वळत वळत मला परत त्याच दारात घेऊन आला. मुलगी तिथेच आईचा हात धरून उभी होती. मेहुणी दाराशी खुर्चीत बसून बोरकुटाचा डबा उघडत होती.

"भाऊजी," ती शाळेत बोलायची त्या आवाजात म्हणाली, "खाली पाहा. उंबरठा नाही. तुमचा नाही, तिचा नाही, कोणाचाच नाही. तुम्ही देवासमोर बोललात ते मोडलेलं नाही. त्यांनी मोडू दिलं नाही."

"मंग तो काऊन नाई आला?"

"मी त्यांना तेच विचारलं. म्हणाले, मी असलो का तो मलेच सांगते आणि पोरगीही मलेच सांगते. दोघांनं मले पोस्ट हापीस करून ठेवलं. आता हापीस बंद."

जेवायला बाहेर टेबल मांडलं होतं. मुलीने पिशवीतला दुपट्टा काढला आणि तिच्या नि मावशीच्या मधल्या खुर्चीवर घडी करून ठेवला. हॉटेलची ती लठ्ठ बाई तिथे ताट ठेवायला आली, तर मुलीने तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला कोणी समजावायची गरज नव्हती. मी जेवलो. मासा ताजा होता.

आम्ही काय बोललो ते इथे लिहिणार नाही. ते आमच्या घरातलं आहे.

परत आल्यावर पाहिलं तर आमच्या पुढच्या दाराच्या उंबरठ्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती. सुताराला बोलावून काढून टाकला आणि फरशी सरळ बाहेरपर्यंत नेली. उधई लागल्यावर काढावाच लागतो. यात कोणी दुसरं काही शोधू नये. मुलगी या दिवाळीनंतर मंडईला येणार आहे, आणि तिच्या जागेवर ती स्वतः बसणार आहे.

साडू त्यानंतर मिलवर आलेला नाही. निरोप पाठवला तर म्हणतो, आता तुमच्यात सांगासारखं काय राह्यलं? बोडीचं काम छान झालं, असंही कळवतो. पण माझा हिशोब मिटलेला नाही. समुद्र पाहायचा आहे असं माझ्यासमोर बसून कोण म्हणालं होतं? वाघाची चौकशी कोणी केली, पाळ कोणी विचारली? सगळ्यांना समुद्रावर बसवून जो स्वतः चिखलात उभा राहिला, त्याच्यासाठी माझ्या मुलीने रोज एक खुर्ची रिकामी ठेवली, आणि त्या खुर्चीकडे पाहत मला जेवावं लागलं. त्याने माझ्या दारात यावं, आता पाय अडायला तिथे काही नाही, आणि खाली न पाहता, माझ्या तोंडाकडे पाहून याचा जाब द्यावा.