हरलो तरी चालेल असा सामना

कोकंदच्या तुर्दीअलीला सगळे ओळखत ते त्याच्या टॅक्सीमुळे. कोकंद ते ताश्कंद, चार सवाऱ्या, मधे कामचिकचा घाट. आणि गाडीत विषय एकच, फुटबॉल. कोणी कापसाच्या भावाचं काढलं तरी पुढच्या दोन वळणांत तो त्याला वर्ल्ड कपवर आणून सोडायचा.

त्या सप्टेंबरात मेहुण्याला, सोबिरला घेऊन तो ताश्कंदला उझबेकिस्तानचा जॉर्डनविरुद्धचा सामना बघायला गेला. तेव्हा वर्ल्ड कपमध्ये आशियाला जागा मोजक्याच. त्या भरल्या की उरलेल्या दोन संघांनी आपसात झुंजायचं, आणि जो टिकेल त्याने आणखी दुसऱ्या खंडातल्या संघाशी भिडायचं. सामना बरोबरीत अडकला, पेनल्टीवर गेला, पेनल्टी संपता संपेनात, आणि शेवटी उझबेकिस्तान हरलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या सवाऱ्या घेऊन घाट उतरताना तुर्दीअलीच्या छातीत कळ आली. त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच मान टाकली. सोबिरने स्टिअरिंगवर बसून त्याला इस्पितळात पोचवलं.

जीव वाचला, पण घाट सुटला. टॅक्सी विकून त्याने बाजारामागे रेडिएटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. डॉक्टर म्हणाले होते, जिवाला ताण नको. त्याचा अर्थ बायकोने, अनोरखानने लावला, की फुटबॉल बंद. सामना असला की टीव्हीची वायर तिच्या उशीखाली. हा द्राक्षाच्या मांडवाखाली बसून शेजारच्यांच्या ओरडण्यावरून गोल ओळखायचा.

वर्षं गेली. वर्ल्ड कपमधले संघ वाढवले गेले, आशियाच्या थेट जागा दुप्पट झाल्या, गटातले पहिले दोघे सरळ आत असं ठरलं. अमिरातीशी सामना होता त्या दिवशी तुर्दीअलीने जेवताना विषय काढला.

"आज मला बघू दे."

"छातीला विचारा आधी."

"अगं, ऐकून तर घे. आज नुसती बरोबरी झाली तरी आपण आत. हरलो, तर अजून एक सामना आहे, आपल्याच मैदानावर. तिथे घसरलो, तर आणखी एक फेरी. तिच्यापुढेही एक आहे."

अनोरखान रोटी मोडता मोडता थांबली. "म्हणजे मारलं तरी मरायचं नाही?"

"हेच तर बदललंय."

"मग हे आधी का नाही सुचलं मेल्यांना? माझा नवरा घाटात आडवा व्हायची वाट बघत होते?"

ती उठली आणि वायर घेऊन आली. मात्र सामना संपेपर्यंत त्याच्या मनगटावरचा हात तिने काढला नाही. ना इकडून गोल, ना तिकडून. शेवटी शेवटी अमिरातीवाले चेंडू घेऊन अंगावर यायला लागले, तसा तुर्दीअली म्हणाला, "जरा सैल धर. नाडी तुझीच उडतेय."

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. गल्लीत मोटारींचे हॉर्न सुरू झाले. तुर्दीअली ओरडला नाही. अंगणातल्या नळावर जाऊन त्याने तोंड धुतलं, आणि बराच वेळ धूत राहिला. अनोरखान मागे येऊन उभी राहिली.

"दुखतंय का?"

"नाही गं. काहीच दुखत नाहीये. इतकं हलकं वाटतंय, की बसूनच घेतो जरा."

सकाळी सोबिर दुकानात हजर. "काय अका," थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारत तो म्हणाला, "दार रुंद केलं तेव्हा कुठे शिरलात आत."

तुर्दीअलीने रेडिएटरला डाग द्यायचं काम थांबवलं. "बाबा रे, अरुंद दारात माझा जीव अडकला होता. तू होतास की गाडीत."

सोबिरने किटलीतला चहा ओतला आणि पेला तुर्दीअलीच्या हातात दिला. "रुंदच बरं," तो म्हणाला.

कतारविरुद्धचा शेवटचा सामना ताश्कंदला होता. अनोरखानने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, "त्याने काही म्हणजे काही ठरायचं नाही ना?"

"काही नाही. हरलो तरी चालेल."

"मग मीही येते. मला असलाच सामना बघायचाय."

ते आगगाडीने गेले. तिने रोट्या, उकडलेली अंडी आणि पिशवीभर जर्दाळू बांधून घेतले होते. कामचिकच्या डोंगराखालचा बोगदा लागला तेव्हा तुर्दीअली खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला होता, आणि ती समोरच्या बाईला आशियाच्या जागांचा हिशेब समजावून सांगत होती.