भाड्याचे पत्ते, बिडाचा भाव

चहा गाळला की कप टेबलावर जातात आणि चोथा माझ्याकडं राहतो. किस्स्यांचंही तसंच होत आलंय. ऑफिसातली मंडळी काम उरकून घरी जातात, काल काय झालं ते आज विसरतात. मी विसरत नाही, कारण मला दुसरं काही लक्षात ठेवायचं नसतं. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. पण कोण कुणाला काय बोललं, हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही.

आमचं ऑफिस शिरोली एमआयडीसीत, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. मी आधी याच भागात फौंड्रीत होतो, उमेदीची सगळी वर्षं साचे भरण्यात गेली. आता सकाळी ऑफिस उघडतो, झाडतो, चहा करतो. सगळे मला मामा म्हणतात. मालकीण संध्या. तिचे वडील शाळामास्तर, त्यामुळं ती रागावली तरी आवाज चढत नाही, नुसती बघते. तिच्या हाताखाली प्रसाद, कळंब्याचा इंजिनियर. हुशार, पण घाईचा.

आमचं मोठं गिऱ्हाईक एकच. अण्णा. हातकणंगल्याकडचं जैन घराणं, घरची शेती, आणि कोल्हापुरात पंपाच्या सामानाचं घाऊक दुकान. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाव रोज हलतो, म्हणून पंपाच्या भागांचाही हलतो. दुसऱ्या विक्रेत्यांनी आपापल्या वेबसाइटवर आज काय भाव लावलाय, ते अण्णांना दुकान उघडायच्या आधी कळायला लागतं. संध्याचा प्रोग्रॅम त्या सगळ्या वेबसाइटवर जाऊन भाव घेऊन येतो. अण्णा गेले तर ऑफिसला कुलूप, असं संध्या एकदा फोनवर वडिलांना सांगत होती. मी कप उचलत होतो.

*

प्रसाद दिवसभर कुणाला तरी शिव्या घालत असायचा. एकदा मी विचारलं, कुणाला रं? त्यानं हातातलं काम ठेवलं आणि मला नीट समजावून सांगितलं.

एकच माणूस दुकानात सारखा येऊन नुसता भाव विचारायला लागला, तर दुकानदार त्याला हाकलतो. वेबसाइटपण हाकलते. कोण आलंय ते तिला पत्त्यावरनं कळतं, कारण इंटरनेटवर प्रत्येकाला एक पत्ता असतो. म्हणून हे लोक पत्ते भाड्यानं घेतात. एका पत्त्यावरनं थोडं विचारायचं, मग तो बदलून दुसरा घ्यायचा. त्याला प्रॉक्सी म्हणतात. स्वस्तातले पत्ते मोठमोठ्या कॉम्प्युटरच्या गोदामातले असतात, ते लगेच ओळखू येतात. महागातले कुणाच्या तरी घरच्या इंटरनेटचे असतात, त्यांच्यावर संशय येत नाही.

मी म्हणालो, म्हणजे लग्नाला जाताना कोट भाड्यानं घेतात तसं.

"तसंच मामा," प्रसाद म्हणाला. "पण आमच्यात रोज लग्न हाय."

*

सुरुवातीला प्रसादनं सगळ्यात स्वस्त पत्त्यांचा गठ्ठा घेतला. खूप पत्ते, आणि भाडं नावापुरतं. त्या दिवशी त्यानं स्वतःच्या खिशातनं सगळ्यांना मिसळ खिलवली. संध्यानंही खाल्ली.

दुसऱ्या सकाळी एकाही वेबसाइटनं दार उघडलं नाही. प्रसादनं पत्ता बदलला, दार बंद. पुन्हा बदलला, पुन्हा बंद. मग कळलं की ते पत्ते आपल्या आधी कुणीतरी वापरून, नको तितका त्रास देऊन सोडले होते. सगळ्या जगात त्यांची नावं खराब झालेली. भाड्यानं खोली घ्यावी आणि आधीच्या भाडेकरूमुळं आपल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात कुणी उभं करून घेऊ नये, तशातली गत.

प्रसाद म्हणाला, स्वस्त होते म्हणून घेतले. संध्या त्याच्याकडं बघत राहिली.

"मिसळ मात्र चांगली होती," ती म्हणाली.

*

मग महागातले घेतले. ह्यांचं भाडं वजनावर, म्हणजे जितकी माहिती ओढाल तितकं. ते चालले मात्र. सगळी दारं उघडली. प्रसाद खुर्चीत मागं रेलून बसला आणि मला म्हणाला, मामा, आज चहात साखर जास्त.

जेवायच्या आत महिन्याच्या भाड्याचे पैसे संपले.

झालं असं, की प्रोग्रॅमला नुसते आकडे आणायला सांगायच्या ऐवजी प्रसादनं पानंच्या पानं आणायला लावली होती. त्या पानांवर पंपांचे फोटो. एकेक पंप पुढनं, मागनं, बाजूनं. एका वेबसाइटवर तर मालकाच्या मुलाच्या हस्ते नव्या शोरूमचं उद्घाटन, त्याचा व्हिडिओ. तोही आणला, सगळ्या पत्त्यांवरनं आळीपाळीनं.

संध्यानं तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. नारळ फुटला, टाळ्या झाल्या.

"भाव विचारायला पाठवलं होतं," ती म्हणाली. "तू दुकानच उचलून आणलंस की रे."

*

त्यानंतर मधला मार्ग म्हणून प्रसादनं परदेशातले पत्ते घेतले. पोलंड, ब्राझील, व्हिएतनाम. दर्जा बरा आणि भाडं कमी. त्याच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसायला लागलं. हिरवं म्हणजे काम झालं. कैक महिने हिरवं होतं आणि सगळे खुशीत होते.

आमच्या मागच्याच गल्लीत रावसाहेबांचा पंपाचा कारखाना आहे. आमच्या खिडकीतनं त्यांचं धुराडं दिसतं. अण्णांना सगळ्यात जास्त गरज रावसाहेबांच्या भावाची, कारण बाकीचे विक्रेते त्यांच्याकडं बघून भाव लावतात. तर रावसाहेबांच्या मुलानं एक दिवस वेबसाइटमध्ये सुधारणा केली. परदेशातनं कुणी बघितलं की भाव डॉलरमध्ये दिसावा. ते आम्हाला कुठलं माहीत? प्रोग्रॅमनं पोलंडहून जाऊन डॉलरचा आकडा आणला आणि तो रुपये म्हणून अण्णांना पाठवला. स्क्रीन हिरवीच.

अण्णांच्या दुकानातल्या माणसानं तो आकडा बघून आपला भाव लावला. पंपाची पुली भज्यांच्या प्लेटीपेक्षा स्वस्त झाली. अण्णा लग्नाला सांगलीला गेलते. संध्याकाळी परत आले तर दुकान रिकामं, आणि माणूस खुशीत. म्हणाला, अण्णा, आज अशी विक्री कधी झाली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्याकडं आले. अण्णांचा आवाज एरवीही खालच्या रस्त्यावर ऐकू जातो. त्यांनी संध्याला सरळ सांगितलं, ह्या महिन्यात आणखी एक भाव चुकला तर काम बंद. आणि रावसाहेबाचा भाव आला नाही तरी बंद. संध्या म्हणाली, चूक आमची आहे, दुरुस्त करतो. प्रसाद टेबलाखालच्या वायरी बघत होता.

मी चहा ठेवला. अण्णांनी अर्धा कप संपवला आणि जरा निवळले. म्हणाले, तुमचं काय नवीन न्हाय, आम्हीपण हेच करत होतो की. पूर्वी अण्णा भाव काढायला दिवाणजींना पाठवायचे. दिवाणजींना सगळे ओळखायला लागले. मग शेजाऱ्याला पाठवलं, मग न्हाव्याला. माणसं संपली तेव्हा मेव्हण्याला पाठवला, रावसाहेबांच्या कारखान्यात. नुसता भाव विचारून ये म्हणून सांगितलं.

मेव्हणा भिडस्त. रावसाहेबांनी बसवलं, चहा पाजला, कारखाना फिरवून दाखवला. मेव्हण्याला नाही म्हणवेना. त्याच्या घरी विहीर नाही, बोअर नाही, तरी तो टेम्पोत पंप घालून परत आला.

संध्या हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. तिनं विचारलं, मग त्या पंपाचं काय केलं?

"दुकानात पडून हाय," अण्णा म्हणाले. "इकायचाय. पण रावसाहेबाचा भाव कळल्याबिगर किंमत कशी लावू?"

*

मग संध्यानं स्वतः बसून सगळं मार्गी लावलं. ज्या वेबसाइट साध्या आहेत त्यांना स्वस्तातले पत्ते. ज्या कडक आहेत त्यांनाच महागातले, आणि तेही इथलेच, भारतातले. फोटो आणायचे नाहीत. जो भाव आठवड्यातनं एकदा बदलतो तो रोज विचारायचा नाही. आणलेला आकडा कालच्यापेक्षा फारच वेगळा असला तर माणसानं डोळ्यांनी बघितल्याशिवाय अण्णांना पाठवायचा नाही. आणि घाई करायची नाही. सारखं दार वाजवलं तर समोरच्यालाही त्रास, आणि आपलाही पत्ता जातो. प्रसादच्या डोक्यावर, भिंतीवर तिनं एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात, "हळू".

चार दिवसांनी अण्णा आले. जिन्यात असल्यापासनं त्यांचा आवाज ऐकू येत होता. दारात पाय ठेवला, कागद वाचला आणि गप्प झाले. चपला हातात घेऊन आत आले. संध्यापाशी वाकून कुजबुजले,

"कोन आजारी हाय काय?"

*

सगळं ठीक चाललं होतं, पण रावसाहेबांची वेबसाइट काही दाद देईना. त्यांच्या मुलानं कडक पहारा बसवलेला. तिथं सगळ्यात महागातलेच पत्ते चालायचे, तेपण एखाद-दुसऱ्या वेळी. ह्या एका वेबसाइटला लागणारं भाडं बाकी सगळ्यांच्या बरोबरीला गेलं. भाडं वाचवावं तर रावसाहेबांचा भाव जातो, आणि तो गेला की अण्णा जातात. भाडं भरावं तर अण्णांच्या कामात काही उरत नाही. संध्या खिडकीत उभी राहून त्या धुराड्याकडं बघत बसायची. मी दोनदा चहा गरम करून दिला, दोन्ही वेळा गार झाला.

अशात एका दुपारी खुद्द रावसाहेब जिना चढून आले. हातात पेढ्यांचा बॉक्स.

संध्या उठून उभी राहिली. प्रसादला वाटलं भांडायला आले, तो आपोआप माझ्या मागं सरकला. पण रावसाहेब हसत होते. त्यांनी पहिल्यांदा पेढे वाटले, मग बसले, मग खिशातला फोन काढून संध्यासमोर धरला. त्यावर जगाचा नकाशा होता आणि नकाशावर ठिपके. मुलानं दाखवलं म्हणाले. त्यांची वेबसाइट कुठनं कुठनं बघतात त्याचे ठिपके.

"पोलंडमधनं बघत्यात," रावसाहेब म्हणाले. "रोज. सगळी पानं. पोलंड झालं की ब्राझील. पंपाची लई नड दिसत्या त्यांना."

त्यांनी गेटवर 'निर्यातदार' असं रंगवून घेतलं होतं. शेजारचा प्लॉट घ्यायचं ठरलं होतं, नवी शेड टाकायला. उद्या विसार द्यायचा होता. एकच अडचण होती. अलीकडं पोलंडची माणसं यायची बंद झाली होती. रावसाहेबांनी विचार केला, भाषेमुळं असेल. बिचाऱ्यांना इंग्लिश येत नसेल. तुम्ही कॉम्प्युटरवाले म्हणून आलोय, म्हणाले, वेबसाइट पोलंडच्या भाषेत करून द्या. पैशाचं बघू नका.

प्रसादच्या तोंडात पेढा होता. तो त्याला गिळवेना.

संध्याला काम मिळत होतं. गप्प बसली असती तर वेबसाइटचं काम तिच्याच हातात आलं असतं आणि रावसाहेबांचा भाव घरबसल्या मिळाला असता. खरं सांगितलं तर ते उठून जाणार, पहारा आणखी कडक करणार, आणि अण्णांचं काम संपणार. मी ट्रे घेऊन उभा होतो. तिनं एकदा खिडकीतनं धुराड्याकडं बघितलं आणि म्हणाली,

"रावसाहेब, विसार देऊ नका. पोलंडहून येत होतो ते आम्हीच."

मग तिनं सगळं सांगितलं. भाड्याचे पत्ते, डॉलर, पुली, सगळं. गिऱ्हाइकाचं नाव मात्र घेतलं नाही.

रावसाहेबांनी नकाशावरच्या ठिपक्यांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, म्हणजे ब्राझीलपण? संध्या म्हणाली, ब्राझीलपण. त्यांनी फोन खिशात ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा काढला आणि मुलाला लावला. एवढंच म्हणाले, उद्याचं राहू दे. मग माझ्याकडं बघून चहा मागितला.

चहा पिताना विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक म्हंजे मेव्हण्याला पाठवणारं न्हवं?"

संध्यानं पेढ्यांचा बॉक्स त्यांच्यापुढं सरकवला. रावसाहेबांनी मान हलवली.

"तो मेव्हणा येऊन गेला आणि मी गेटवर फळा लावला. हरेकानं आत येऊन डोकं खायला नको म्हणून. रोज सकाळी खडूनं भाव लिहितोय. आमचा पोरगा तो फळा बघूनच वेबसाइटवर चढवतोय की."

प्रसादनं पेढा गिळला.

रावसाहेब उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "एवढं जग फिरून येण्यापरीस, ह्या मामांना पाठवा."

दुसऱ्या सकाळी संध्यानं मला फळ्याचा फोटो काढायला पाठवलं. सायकल काढली. दोन मिनिटांचा रस्ता. गेटवर 'निर्यातदार' ताज्या रंगात तसंच होतं, आणि खाली फळा अजून कोरा होता. मला बघून वॉचमन उठला, आपली खुर्ची पुसून पुढं सरकवली.

"या पावणं," तो म्हणाला. "पोलंडहून आलासा न्हवं? बसा, च्या सांगतो."